मॅटरहॉर्न पेन्सिलीत उतरवताना

स्वित्झर्लंडच्या झरमॅट गावात चर्चजवळच्या पुलावर सकाळी उभं राहिलं की मॅटरहॉर्न हा डोंगर सरळ दोन भागांत दिसतो. डावीकडे पूर्वेचा कडा उन्हात, उजवीकडे उत्तरेचा कडा सावलीत आणि दोघांच्या मधून आपल्या दिशेने उतरत येणारी होर्नली धार. ऊन-सावलीची इतकी स्वच्छ मांडणी डोंगरात क्वचित मिळते. तरीही या जागेवरून केलेली पुष्कळ पेन्सिल अभ्यासचित्रं पुढे रंगवताना कामाला येत नाहीत. ती दिसायला छान असतात, पण कॅनव्हाससमोर उभं राहून त्यांना काही विचारलं की त्यांच्यापाशी उत्तर नसतं.

महिन्याभराने रंगवायला घेतलं की तीन गोष्टी हमखास आठवत नाहीत. उतार नेमका किती तिरपा होता, सावलीची कड कुठून कुठे गेली होती आणि सावलीतला बर्फ आकाशापेक्षा उजळ होता की गडद. फोटो आहे की, असं वाटतं. पण फोनच्या रुंद भिंगात शिखर बारकं होतं, कॅमेरा वर उचलला की उभ्या कडा आत झुकतात, आणि उजेडाचं माप (एक्स्पोजर) उन्हातल्या बर्फावर बेतलं तर सावली काळी ठिक्कर, सावलीवर बेतलं तर बर्फ कोराच. म्हणून पेन्सिल घ्यायची ती या तीन गोष्टींसाठी. बाकी सगळं फोटोवर सोडलं तरी चालतं.

साहित्य थोडंच लागतं. २एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्या पाच पेन्सिली पुरे. एच म्हणजे कडक, बी म्हणजे मऊ; आकडा वाढेल तसा तो गुण वाढतो. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटच्या पुडीबरोबर चिकणमाती असते. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकं, माती कमी तर मऊ आणि काळं. हे मिश्रण निकोला-जॅक कॉन्ते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढलं आणि तेव्हापासून हवा तेवढा कडकपणा ठरवून मिळू लागला. टोक यंत्राने करू नका, चाकूने करा. लाकूड दोन-अडीच सेंटिमीटर तासायचं आणि शिसं आठ-दहा मिलिमीटर उघडं ठेवायचं. असं लांब टोक असलं की तीच पेन्सिल उभी धरून बारीक रेघ देते आणि आडवी धरून रुंद छटा. डोंगराचं निम्म्याहून जास्त काम या आडव्या पेन्सिलीचं आहे.

कागद दर चौरस मीटरला १६० ते २०० ग्रॅमचा, किंचित खरखरीत. अगदी गुळगुळीत कागदावर ४बी घसरते आणि छटा चढत नाही. जलरंगाचा फार खडबडीत कागद घेतला तर खाचांत पांढरे ठिपके राहतात आणि सावलीतला कडा बर्फ भुरभुरल्यासारखा दिसतो. चौकट २४ बाय १६ सेंटिमीटरची आखून घ्यावी. तीन-दोनचं हे प्रमाण कॅनव्हासवर नेताना सोपं पडतं, ते पुढे येईलच. पिठासारखा मळता येणारा खोडरबर हवाच, कारण तो घासायचा नसतो, दाबून छटा उचलायची असते. कागद दाबून ठेवायला चार क्लिपा घ्या. दऱ्यांत दिवस चढला की वारा खालून वर वाहू लागतो आणि सुटं पान फडफडायला लागतं.

बसताना पाठ उन्हाकडे करा, म्हणजे कागद स्वतःच्या सावलीत येतो. ही सूचना पुष्कळ जण सोडून देतात आणि तिथेच चित्र बिघडतं. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, त्यावरच्या छटा प्रत्यक्षापेक्षा उजळ वाटतात आणि हात आणखी काळं करत सुटतो. घरात आल्यावर तेच चित्र कोळशासारखं दिसतं. गॉगल घालायचा तर करड्या काचेचा. तपकिरी काच रंगांच्या टिपणांचा घोटाळा करते, आणि पोलराइज्ड काचेतून आकाशाचा काही भाग आहे त्यापेक्षा गडद दिसतो.

आता मोजमाप. मॅटरहॉर्नची उंची ४,४७८ मीटर, झरमॅट १,६०८ मीटरवर, आणि दोघांमधलं सरळ अंतर साधारण साडेआठ किलोमीटर. या आकड्यांवरून कोन काढला तर शिखर क्षितिजरेषेच्या वर फक्त १८-१९ अंशांवर येतं. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे दहा अंशांची, म्हणजे शिखर दोन मुठींपेक्षाही थोडं खालीच. ऐकून पटत नाही, कारण डोळ्याला तो डोंगर डोक्यावर आल्यासारखा वाटतो. होर्नलीची झोपडी ३,२६० मीटरवर, धारेच्या पायथ्याशी आहे. तिथपासून शिखरापर्यंतचा जो सुळका, म्हणजे ज्याला आपण मॅटरहॉर्न म्हणतो तो, लांब धरलेल्या हातातल्या पेन्सिलीवर जेमतेम सात सेंटिमीटर भरतो.

उंची वाढवून काढणं हा डोंगर काढणाऱ्या प्रत्येकाचा दोष. आणि उंची वाढली की उतारही आपोआप उभे होतात. उपाय एकच: कोपर न वाकवता, एक डोळा मिटून, पेन्सिलीने मोजत राहायचं. आधी रुंदी मोजा, तिच्यात उंची कितीदा बसते ते पाहा आणि तो आकडा समासात लिहून ठेवा. मग उतार. पेन्सिल हवेत धारेला समांतर धरायची, मनगट तसंच ठेवून कागदावर आणायची. पेन्सिल पुढे-मागे कलू देऊ नका. समोर काचेचं तावदान आहे आणि पेन्सिल त्याला चिकटली आहे असं धरून चाला. ती डोंगराच्या दिशेने कलली की कोन चुकतोच. डावी आणि उजवी कड वेगवेगळी मोजा. त्या सारख्या नाहीत, पण हात मात्र त्यांना सारखं करायला बघतो आणि मग मॅटरहॉर्नचा पिरॅमिड होतो. शिखराखाली होर्नली धारेला जो खांदा आहे तोही मोजून ठेवा. तो सुटला तर डोंगर ओळखू येत नाही.

बाह्यरेषा एका दमात वळणदार काढू नये. सरळ छोट्या तुकड्यांनी बांधावी, प्रत्येक तुकडा जिथे दिशा बदलतो तिथे पेन्सिल थांबवावी. कातळ वळत नाही, तुटतो. स्विस चित्रकार फर्डिनांड होडलरने (१८५३–१९१८) थुन सरोवराच्या काठावरून नीसन हा डोंगर पुन्हा पुन्हा रंगवला. त्यातली नुसती बाह्यरेषा पाहिली तरी कुठे ताण आहे आणि कुठे सैल सोडलं आहे ते कळतं. सगळी कड सारख्याच जोराने काढली की डोंगर कात्रीने कापून आकाशावर चिकटवल्यासारखा दिसतो. उन्हातली बाजू आकाशाला जिथे भिडते तिथे रेघ हवीच असं नाही. आकाशाची छटा येईल तेव्हा ती कड आपोआप उमटेल.

हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरकायला हवं, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पूर्वेच्या कड्यावर सकाळी जी छोटी छोटी खाचखळग्यांची सावली असते ती दोन तासांत निम्मी पुसली जाते. म्हणून बाह्यरेषेनंतर लगेच, छटेला हात लावण्याआधी, सावलीची कड २एचने फिकी आखून घ्यायची आणि बाजूला वेळ लिहायची. त्यानंतर ती कड बदलायची नाही. समोर सावली कितीही सरकली तरी कागदावर ती ठरल्या वेळेचीच राहते. निम्मी सावली साडेआठची आणि निम्मी दहाची असलेली चित्रं लगेच ओळखू येतात: घडण पटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

सूर्योदयाच्या वेळी शिखराचं टोक गुलाबी होतं तेव्हा पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघावं आणि रंगाची दोन टिपणं लिहावीत. तो उजेड काही मिनिटांचाच असतो. कामाचा उजेड सूर्य वर आल्यानंतर दीड ते तीन तासांचा. दुपारी ऊन वरून पडतं आणि कडा सपाट होतात.

यापुढचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर.

पेन्सिलीकडे पांढरं नसतं. जे पांढरं आहे ते कागदाचंच, आणि एकदा ग्राफाइट कागदाच्या खाचांत बसलं की ते पांढरं पूर्णपणे परत येत नाही. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ८० ते ९० टक्के परत फेकतो. म्हणजे समोरच्या दृश्यात उन्हातला बर्फ सगळ्यांत उजळ आहे, आकाशापेक्षाही. उंचावर हवा विरळ आणि कोरडी असते, त्यामुळे माथ्यावरचं निळं आकाश चांगलंच गडद असतं. आपण मात्र लहानपणापासून आकाश कोरं सोडत आलेलो असतो. आकाश कोरं सोडलं की बर्फाला उजळ व्हायला जागाच उरत नाही, तोही कागद आणि आकाशही कागद. मग शिखराभोवती काळी रेघ ओढून त्याला वेगळं करावं लागतं. त्यापेक्षा आकाशाला आडव्या २एचने किंवा एचबीने सपाट करडी छटा द्या, वर थोडी गडद, क्षितिजाकडे फिकी. बर्फाला न शिवता बर्फ चमकू लागतो.

सावलीतला बर्फ हा दुसरा सापळा. त्याच्यावर थेट ऊन नसतं, निळ्या आकाशाचा आणि समोरच्या उतारांवरून परतलेला उजेड असतो. तो खरा किती गडद आहे? उन्हातला कातळ आणि सावलीतला बर्फ यांच्या छटा कागदावर पुष्कळदा जवळजवळ सारख्या निघतात. हे वाचून विश्वास बसणार नाही, कारण मेंदू म्हणतो बर्फ पांढरा, खडक काळा. पडताळायची रीत सोपी आहे. एका कार्डाला कागदाच्या पंचने चार-पाच सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडायची, एक डोळा मिटून एका भोकातून उन्हातला कातळ आणि दुसऱ्यातून सावलीतला बर्फ बघायचा. भोकात खडक नाही, बर्फ नाही, नुसत्या दोन छटा दिसतात आणि त्यांची तुलना करता येते. रंगात हा फरक गरम-थंडाने दाखवता येतो, पेन्सिलीत येत नाही. पेन्सिलीत तो पोताने दाखवावा लागतो: बर्फाची सावली सपाट, एकाच दिशेच्या जवळजवळच्या रेघांची, कातळ तुटक, दिशा बदलणारा. आणि समासात लिहून ठेवायचं, ‘छटा सारखी, बर्फ निळसर, खडक तांबूस’. नाहीतर रंगवताना सावलीतला बर्फ पांढरा होणार हे नक्की.

छटांचे पाच आकडे ठरवून घ्यावेत. १ म्हणजे कोरा कागद, उन्हातला बर्फ. २ दूरच्या रांगा आणि क्षितिजाजवळचं आकाश. ३ माथ्यावरचं आकाश, उन्हातला कातळ, सावलीतला बर्फ. ४ सावलीतला कातळ. ५ जवळचे सूचिपर्णी वृक्ष आणि खोल घळी. चौकटीखाली या पाच छटांची पट्टी आधी रंगवा आणि पुढचं सगळं तिच्याशी ताडून बघा. मोठ्या चित्राआधी सहा बाय चार सेंटिमीटरची दोन-तीन छोटी चित्रं तीनच छटांत केली तर मांडणी फसत असेल ते दहा मिनिटांत कळतं. ६बी अगदी शेवटी वापरायची आणि तीही नखाएवढ्या जागेत. ग्राफाइट दाबून लावलं की चमकतं. चमकलं की कोन बदलताच काळ्याचं करडं दिसतं आणि त्यावर दुसरी छटा चढत नाही. २एच जोराने दाबली तर कागदाच्या खाचाच बसतात आणि नंतर ४बीही त्यावरून घसरते. म्हणून हलक्या हाताने तीन थर द्यावेत, जोराने एक नको. आणि बोटाने घोळवणं टाळाच. त्याने धुकं होतं, कातळ होत नाही. शिवाय बोटाचं तेल कागदाला लागून डाग धरतं.

राखाडी कागदावर काम केलं तर पांढऱ्याचा प्रश्न उलट्या बाजूने सुटतो: मधली छटा कागदाची, गडद पेन्सिलीची, आणि बर्फ पांढऱ्या खडूचा. १८०२ मध्ये इंग्लंड-फ्रान्समध्ये तह होऊन रस्ते उघडले तेव्हा इंग्रज चित्रकार टर्नर आल्प्समध्ये आला. त्याच्या त्या प्रवासातल्या एका वहीची पानं आधीच राखाडी रंगाचा हात देऊन तयार केलेली होती. घाईच्या जागी ही पद्धत फार चांगली. फक्त पांढरा खडू उन्हातल्या बर्फालाच लावायचा. सावलीतल्या बर्फाला लावला की सगळं खडूचं होतं.

बर्फ कुठे काढायचा हे डोंगराची घडण सांगते. साधारण ५५-६० अंशांपुढच्या उतारावर बर्फ टिकत नाही, घसरतो. म्हणून उभा भाग काळा, आणि पांढरं ते पायऱ्यांवर, घळींत आणि धारेच्या आडोशाला. पांढऱ्या रेषा कुठे आडव्या, कुठे तिरक्या आहेत ते पाहिलं की खडकाचे थर कसे कललेत ते कळतं. मॅटरहॉर्नचा वरचा भाग नाइस (gneiss) या पट्टेदार खडकाचा आहे. त्याच्या पट्ट्या कड्यावर तिरप्या जाताना दिसतात आणि त्यांच्यावर बर्फाच्या बारीक रेघा बसतात. फ्रान्समधल्या शामोनीच्या ग्रॅनाइटच्या सुळक्यांना उभ्या भेगा, तिथे पेन्सिल उभीच चालवायची आणि कडा धारदार ठेवायच्या. इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत थर पुष्कळ ठिकाणी आडवे, तिथे आधी पायऱ्या आणि मग त्यांना छेदणाऱ्या उभ्या चिरा. सगळ्या डोंगरांना एकाच प्रकारच्या रेघा मारल्या की सगळे एकाच मातीचे दिसतात. कड्याखालचा घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार, ३० ते ३७ अंशांच्या आसपास थिरावतो, त्याहून उभा राहूच शकत नाही. त्यामुळे तो पंख्यासारखा पसरलेला, बाजू जवळजवळ सरळ, छटा एकसारखी. घसाऱ्यात एकेक दगड काढत बसू नये. पायथ्याशी दोन-चार मोठे धोंडे पुरतात, कारण मोठे दगडच सगळ्यांत खाली गडगडत जातात.

हिमनदीत चूक होते ती भेगांची. भेगा वाटेल तिथे पडत नाहीत. बर्फ जिथे उताराच्या कंगोऱ्यावरून खाली वाकतो तिथे तो ताणला जाऊन आडवा फाटतो. सपाट जागी भेगा पुन्हा मिटतात. स्वित्झर्लंडमधल्या ‘आलेच’ (Aletsch) नावाच्या हिमनदीवरचे दोन लांब काळे पट्टे म्हणजे वरचे प्रवाह एकमेकांना मिळताना त्यांच्या काठांचा दगडगोटा मधे आला त्याच्या खुणा. हे पट्टे आधी आखले तर हिमनदीचं वळण आणि उतार दोन रेघांत उभा राहतो. दूर जाताना ते एकमेकांजवळ येतात, आणि वरून पाहताना आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर येतात. मोजून घ्या.

झाडांबद्दल एकच हिशोब सांगतो, तो पुरेल. ३० मीटर उंचीचं स्प्रूस हे सूचिपर्णी झाड तीन किलोमीटरवर असेल तर लांब धरलेल्या हातातल्या पेन्सिलीवर ते सहा मिलिमीटर भरतं. पुढच्या उतारावर कुणी ते दोन सेंटिमीटरचं काढलं की मागचा चार हजार मीटरचा डोंगर टेकाड होतो. आल्प्समध्ये झाडांची रेषा साधारण १,८०० ते २,२०० मीटरवर संपते. ती रेषा सरळ नसते. घळींत हिमलोट झाडं साफ करतात तिथे खाली येते, सोंडेवर वर चढते. या रेषेचा आकार नीट उतरवला की डोंगराची उंची न सांगता कळते. स्प्रूसचं रान ५ च्या छटेचं, लार्चचं एक छटा उजळ. लार्चची पानं शरद ऋतूत पिवळी होऊन गळतात, म्हणून तारीख लिहायला विसरू नका.

ढग आले तर घाबरू नये, पण त्यांच्या मागे लागूही नये. मॅटरहॉर्नच्या शिखराला वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने निशाणासारखा ढग चिकटतो. त्याची जागा तेवढी कोरी ठेवा, वाऱ्याची दिशा बाणाने दाखवा, शेवटी मळलेल्या खोडरबराने त्याची बाहेरची कड उचला. शिखराकडची कड स्पष्ट, पुढची विरत जाणारी.

शेवटची दहा मिनिटं लिहिण्याची. जागा, उंची, तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, सूर्याची दिशा बाणाने. रंगांची टिपणं चित्रावरच, फिक्या एचबीने, त्या त्या जागी. ‘निळा’ असं लिहून उपयोग नाही. शेजारच्या रंगाशी तुलना करून लिहा: ‘सावलीतला बर्फ आकाशापेक्षा फिका, जास्त जांभळट’, ‘घसारा कड्यापेक्षा पिवळट’. मग फोटो काढायचा तर काढा. फिक्सेटिव्ह, म्हणजे छटा पक्की करणारा फवारा, घरी गेल्यावर, दोन पातळ हात, एक सुकल्यावर दुसरा. तोवर चित्रावर पातळ गुळगुळीत कागद ठेवा आणि वही घट्ट बांधा, कारण चालताना पानं एकमेकांवर घासली की पहिल्यांदा कोरा बर्फच काळवंडतो.

कॅनव्हासवर नेताना अभ्यासचित्रावर चौकोन आखू नका. ट्रेसिंग पेपरवर दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा, आडवे १२ आणि उभे ८, आणि तो चित्रावर ठेवा. १२० बाय ८० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर तेच चौकोन दहा सेंटिमीटरचे होतात. आधी फक्त बाह्यरेषा, सावलीची कड आणि झाडांची रेषा एवढंच न्या. या पाचपट मोठ्या आकारात दोन मिलिमीटरची चूक एक सेंटिमीटरची होते, म्हणून समासात लिहिलेला रुंदी-उंचीचा आकडा कॅनव्हासवर पुन्हा एकदा पट्टीने ताडून बघा आणि मगच रंग काढा.